उत्तरार्धाचे मुखपृष्ठ

श्रीमत् सकलशालाधुरंधर, एकशिक्षकी-सिंहासनाधीश्वर, चतुर्वर्ग-युगपदध्यापन-निपुण, खडूधूलिधूसरितोत्तरीय, सच्छिद्रपत्रच्छाया-निवासी, निंबवृक्षतल-विद्यापीठाचे कुलपती, विळा-दाभण-सुतळी या आयुधत्रयाचे धारक, अर्धग्रंथ संप्रदायाचे आद्य आणि अंत्य आचार्य, जिल्हा परिषदेच्या ज्ञापनत्रयाने विभूषित, चकलांबाप्रांती सन्मानपूर्वक निष्कासित, कैलासवासी गुरुजी यांच्या चरणी, शतपरिपत्रकजर्जर, दशशालाचक्रवर्ती, केंद्रप्रमुखपद-कंटकासनारूढ, हजेरीपटावरील क्रमांक सात याची, कंबरेच्या मणक्यामुळे आठांऐवजी पाचच अंगांत उरकलेली वंदना रुजू व्हावी.

गुरुजी, एवढे पुरे. इथवर वाचून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला असता आणि ‘मुद्द्यावर ये’ एवढेच म्हणाला असतात. मुद्दा असा, की राष्ट्राच्या शिक्षणव्यवस्थेची सुधारणा करण्याचा शासनाने पुनश्च निश्चय केला आहे. तुमच्या हयातीत हा निश्चय एकदा झाला होता. तुमच्या पश्चात तो इतक्यांदा झाला, की आता निश्चय हीच एक व्यवस्था होऊन बसली आहे. या खेपेचे वैशिष्ट्य म्हणजे आमचे मत मागवण्यात आले. मी सांप्रत दहा शाळांवर देखरेख करणारा केंद्रप्रमुख आहे, हे तुम्हाला कळले असते तर तुम्ही त्या दहा शाळांची काळजी केली असती. तर अशा आम्हा तालुक्यातल्या सर्व केंद्रप्रमुखांना पौषातल्या एका सकाळी सहकारी सूतगिरणीच्या सभागृहात पाचारण करण्यात आले. या गिरणीत कोनशिलेखेरीज काही उभे राहिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. सभागृह उभे आहे. सूत निघाले नाही, कारण कापूस पिकला नाही. कापूस पिकला नाही, कारण पाऊस पडला नाही. आणि पावसाने आमच्या सहकार चळवळीचे सभासदत्व अद्याप घेतलेले नाही.

सभागृहात प्रत्येकाच्या हाती एक तक्ता देण्यात आला. शीर्षक होते, राष्ट्रीय शिक्षण सुधारणेचे प्राधान्यक्रम. खाली बारा वाक्ये, प्रत्येकापुढे एक रिक्त चौकोन. ज्याला जे जितके अगत्याचे वाटते, त्याने त्यास तितवा क्रमांक द्यावा. पायाभूत साक्षरता होती, संख्याज्ञान होते, मातृभाषा, मूल्ये, कौशल्य, तंत्रज्ञान, दप्तराचे ओझे, सर्व काही होते. दिवाळी संपली की आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या आणि गुढीपाडव्याला परतणाऱ्या लेकरांचा उल्लेख कुठे आढळेना, म्हणून मी तक्ता उलटूनही पाहिला. मागची बाजू कोरी होती. बारावे वाक्य ‘इतर’ असे होते. आमचा अर्धा जिल्हा त्या शब्दात वास्तव्य करून असावा, असा माझा तर्क आहे.

मी लेखणी उघडतो न उघडतो, तोच गटशिक्षणाधिकारी साहेबांनी प्रसन्न मुद्रेने सांगितले, की सर्वांचा वेळ वाचावा म्हणून नमुन्यादाखल एक तक्ता भरूनच आणला आहे. गुरुजी, मला प्रसन्न मुद्रेचा संशय येतो. त्याच सुमारास चहा आला आणि चहात दूध होते. टँकरच्या वर्षात शासकीय चहात दूध असले, की समजावे, सही मोठी आहे. नमुन्यात पहिला क्रमांक कशाला होता, तर अल्प उपस्थितीच्या शाळांचे समूहशाळेत विलीनीकरण. म्हणजे लहान शाळा मिटवून तिची लेकरे मोठ्या गावच्या शाळेत नेऊन घालणे. तक्त्याला एक जोडपत्र होते. पडताळणीच्या दिवशी जिथे वीसपेक्षा कमी मुले हजर आढळतील, त्या शाळेचे नाव त्यात जायचे होते. माझ्या केंद्रापुरते संभाव्य म्हणून एकच नाव आधीच छापलेले होते. तेलगाव आणि दिंद्रुडच्या मधल्या माळावरची ती आपली वस्तीशाळा. तुमची.

पडताळणीसाठी पौष निवडला, याचे कारण मी विचारले नाही. आषाढात मोजले असते तर तीसच्या तीस डोकी भरली असती. पौषात आमच्या वस्तीत म्हातारे, शेळ्या आणि कुलपे एवढीच लोकसंख्या असते, हे जिल्ह्यात कुणाला ठाऊक नाही असा दावा कुणी करणार नाही. मी एवढेच विचारले, “साहेब, आकडे तर आधीच पडलेत. आमचं मत कुठं लिहायचं?”

“खाली सही करता ना,” साहेब म्हणाले, “तेच.”

“म्हणजे राष्ट्राचं पहिलं प्राधान्य सही,” मी म्हणालो. सभागृह हसले. साहेब सर्वांत मोठ्याने हसले, आणि त्यांनीच आपले पेन माझ्यापुढे धरले. एवढ्या हशानंतर सही नाकारणे असभ्य दिसले असते. मी सही केली. तुमची शाळा मिटवणे हे राष्ट्राचे प्रथम कर्तव्य होय, या मतावर माझी लफ्फेदार स्वाक्षरी आहे.

त्याच आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांचा दूरध्वनी आला. अध्यक्ष म्हणजे तिसरीतल्या एका मुलीची आई. नवरा-बायको कृष्णाकाठच्या फडात ऊस तोडतात, आणि मुलगी त्यांच्याबरोबर उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत राहते. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता.

“सर, आपली शाळा मोडनार हाय म्हने.”

बाब विचाराधीन आहे, असे मी म्हणालो.

“इचार कोन करतंय?”

शासन, असे मी सांगितले. या उत्तराचा तिलाही संशय आला, आणि तो रास्त होता. “शासनाचं ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली, “तुमी काय करनार ते सांगा. सा किलोमीटरवर, वढा वलांडून, पोरगी कोन धाडतंय? तिचा बाप आत्ताच म्हनतोय, तिसरी झाली, लई झालं. शाळा दारात हाय म्हनून मी त्याला गप करते. उद्या दारात नसली तर मी काय बोलू?”

आमच्याकडे ऊसतोडीला जोडप्याने जायचे असते, त्या जोडप्याला मिळून एक कोयता म्हणतात, आणि घरी बसलेल्या मुलीचा कोयता व्हायला फार वर्षे लागत नाहीत. मी तिला म्हणालो की मी पाहतो. ‘पाहतो’ हे क्रियापद शासकीय सेवेत अकर्मक आहे, हे तिला माहीत असावे. तिने फोन ठेवला.

गुरुजी, मग मला तुम्ही आठवलात. वास्तविक मी तुम्हाला आठवण्याचे पुष्कळ वर्षे यशस्वीरीत्या टाळत आलो आहे.

मी तिसरीत होतो आणि ते वर्षही असेच कोरडे होते. विहिरींच्या तळाशी भेगा, बैलांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, आणि ज्याच्या अंगात बळ त्याने मुकादमाच्या ट्रकमध्ये बसावे, एवढाच उद्योग. इतर गुरुजी दिवाळीनंतर रिकाम्या वर्गाला कुलूप घालून तालुक्याला जाऊन राहत. तुम्ही मात्र जूनपासूनच घाई करीत असा. दिवाळीच्या आत भाषेच्या पुस्तकाचा पूर्वार्ध शिकवून संपवायचा, आणि ट्रक यायच्या दिवशी निंबाखाली विळा घेऊन बसायचे, हा तुमचा परिपाठ. जाणाऱ्या प्रत्येक लेकराचे पुस्तक तुम्ही मधोमध कापीत. शिकून झालेला पुढला भाग शाळेच्या पेटीत, मागला भाग दाभणाने सुतळी ओवून लेकराच्या गाठोड्यात. ‘अर्धं माझ्याकडं ओलीस हाय, ते सोडवायला परत यायचं,’ असे तुम्ही प्रत्येकाला बजावीत असा. हजेरीपटात त्या लेकरांपुढे तुम्ही हजर लिहीत नव्हता, गैरहजरही नाही. बारीक अक्षरात ‘उ’ लिहीत होता. उत्तरार्ध घेऊन गेलेला. असा रकाना शिक्षण खात्यात तेव्हा नव्हता, आणि मी शपथेवर सांगतो, आजही नाही.

त्या सकाळी निंबाखाली कापलेल्या भागांचे दोन ढीग होते. एका ढिगातल्या प्रत्येक भागावर मुखपृष्ठ होते, सर्व इयत्तांना एकच, लाल फेट्याच्या शेतकऱ्याचे आणि उगवत्या सूर्याचे. दुसरा ढीग उघडा. त्याचे पहिलेच पान मजकुराचे. ट्रकचा हॉर्न वाजत होता, तुम्ही कुणाच्या तरी सुतळीला गाठ मारीत होता, आणि माझी माय वाकून दोन्ही ढीग पाहत होती. तिला अक्षर येत नव्हते, पण रीत येत होती. परमुलखात जाणाऱ्या लेकराच्या हाती उघडे पुस्तक द्यावे, हे तिला लाजिरवाणे वाटले. “उघडं-नागडं पुस्तक कावून न्यावं?” असे ती शेजारणीला म्हणाली, आणि पदराने पुसून तिने माझा चित्राचा भाग गाठोड्यात घातला. अशा रीतीने मी, जो पूर्वार्ध मला पाठ होता, तोच घेऊन सहा महिन्यांच्या विद्याप्रवासाला निघालो.

कोपीत पोहोचल्यावर चूक ध्यानात आली. तोवर तुम्ही दोन जिल्हे मागे राहिला होता. वाचायला दुसरे काही नव्हते, म्हणून मी तोच भाग वाचत राहिलो. तुमचा विळा शेवटच्या, अर्धाच शिकवून झालेल्या धड्याच्या ऐन मध्यावर चालला होता. धडा होता गावाने मिळून खोदलेल्या विहिरीचा. शेवटचे वाक्य अद्याप माझ्या ओठांवर आहे. शेवटचा सुरुंग उडाला, धूळ खाली बसली, आणि सर्वांनी आत वाकून पाहिले तो. तो, आणि पुढे पान नाही. दुपारी गाड्या रिकाम्या होऊन येत, माणसे भाकरीला बसत, आणि त्यांच्या आग्रहावरून मी तो धडा मोठ्याने वाचीत असे. कापलेला शेवट आला की वाद सुरू होई. वडील ठामपणे म्हणत, की पाणी लागलेच असणार, न्हाईतर पुस्तकात छापलं कावून आसतं. त्यांच्याच टोळीतला एक लंगडा तोडकरी त्यांना रोज तेच उत्तर देई: “पन्नास हात खंदली बे आमी, न्हाई लागलं. ह्यांच्या पुस्तकात बरं लागतंय.” यावर कुणी ‘कातळ हाय म्हनं, तिथं कशाचं’ असे म्हणे, तर कुणी शेजारच्या उसाकडे बोट दाखवून म्हणे, की पाणी लागले असेल पण ते कुठल्या चेअरमनच्या शेतात गेले ते विचारा. माय चुलीपुढून निर्णय देई, की लागलं आसंल, पर खारं. राष्ट्रीय शिक्षणावर इतकी मनःपूर्वक चर्चा मी त्यानंतर कुठल्याही सभागृहात ऐकलेली नाही. बिनदुधाच्या चहावर ती होत असे.

पाडव्यानंतर आम्ही परतलो. शाळेच्या पेटीत एकच उघडा भाग उरलेला पाहून तुम्हाला दिवाळीतच प्रकार कळला होता. तुम्ही मायला बोलावून घेतले. ती पदर दातांत धरून उभी राहिली. गुरुजी रागावणार अशी तिची खात्री होती, आणि माझीही. तुम्ही तिला म्हणालात, “चूक माझी हाय, बाई. चित्र ज्याला, तेच पुस्तक, आसं कुनालाबी वाटंल.” मग तुम्ही दाभणाने माझे दोन्ही भाग माझ्याकडूनच शिवून घेतले आणि मी, सहा महिन्यांचा तहानलेला, निंबाखाली बसून तो शेवट वाचला. सर्वांनी आत वाकून पाहिले तो, पुढल्या पानावर लिहिले होते, सर्वांना एकजुटीचे महत्त्व पटले. खाली स्वाध्याय. पाणी लागले की नाही, याविषयी पाठ्यपुस्तक मौन बाळगून होते. शासकीय गद्याविषयीचा माझा संशय त्या क्षणी जन्मला आणि त्याने मला कधी अंतर दिले नाही. मी तुम्हाला विचारले, तर तुम्ही म्हणालात, तुझ्या बापाला काय वाटतं? मी सांगितले. मग वहीत लागलं म्हणून लिही, असे तुम्ही म्हणालात, आणि मी लिहिले.

पुढच्या दिवाळीला तुम्ही पुस्तके कापण्याआधी प्रत्येकाचे मुखपृष्ठ अलगद सोडवले आणि ते उत्तरार्धाला लावले. उघडा भाग शाळेत राहिला, चित्राचा भाग परमुलखात गेला. एकाही मायची चूक झाली नाही. गुरुजी, शैक्षणिक सुधारणा म्हणून ज्या ज्या गोष्टी मी आयुष्यात पाहिल्या, त्यांत निर्दोष म्हणावी अशी ही एकच. चूक घडली, चूक करणाऱ्याने ती आपली मानली, आणि वर्षाच्या आत ती अशी दुरुस्त केली की अडाणी माणसाचाही मान राहावा. ना समिती, ना तक्ता. त्याच वर्षी दिल्लीश्वरांनी देशातल्या शाळांना साहित्याची पेटी देण्याचा निश्चय केला होता. आपल्याकडेही ती आली. तीत पृथ्वीचा गोल होता, लोहचुंबक होते, ढोल होता. फुटतुटीची भरपाई गुरुजींच्या वेतनातून होईल, असा कागद त्यात सर्वांत वर होता. पेटीला तुम्ही कुलूप घातले. शासनाची सुधारणा कुलपात आणि तुमची गाठोड्यात, असे त्या वर्षीचे दृश्य होते.

आता जे लिहायचे आहे, त्यासाठी एवढा शब्दप्रपंच केला. त्या चैत्रात तपासणीला तालुक्याचे शिक्षण खात्याचे साहेब आले. आम्ही सारे निंबाखाली आपापले भाग शिवीत बसलो होतो. त्यांनी माझे पुस्तक उचलले. मुखपृष्ठ उत्तरार्धाला लावलेले असल्याने, शिवल्यावर लाल फेट्याचा शेतकरी आणि उगवता सूर्य पुस्तकाच्या पोटात आले होते. साहेबांनी मधले पान उघडून सर्वांना दाखवले आणि विचारले, हे काय? मला वाटते, तुम्ही उत्तर जुळवीत होता. मी उठून म्हणालो, “साहेब, पुस्तक कारखान्याला गेलतं. तिथनं चरकातून निघून आलंय.” साहेब हसले. शिपाई हसला. मोठी माणसे माझ्या शब्दाने हसतात, हे मला आयुष्यात प्रथम कळले, आणि ते हसू थांबू नये म्हणून मी पुढे सांगत सुटलो. विळा सांगितला, ढीग सांगितले, मायची फजिती सांगितली, ‘उ’ सांगितला. मी अभिनयासह सांगितले. साहेब केव्हा हसायचे थांबले आणि केव्हा लिहू लागले, ते मला समजले नाही.

खुलासा मागणारी ज्ञापने तीन आली. शासकीय मालमत्तेची हेतुपुरस्सर नासधूस, हजेरीपटात अनधिकृत अक्षराचा वापर, आणि इमारत उपलब्ध असताना झाडाखाली अध्यापन. इमारतीच्या पत्र्याला भोके होती, हे चौथे ज्ञापन कुणाला देता येत नव्हते. पावसाळ्याच्या आत तुमची चकलांब्याकडे बदली झाली. निघताना तुमची वळकटी बैलगाडीत होती आणि मी चाकापाशी उभा होतो. मला दोष द्यावा असे एक अक्षर तुम्ही बोलला नाहीत. तुम्ही म्हणालात, “बोलतोस चांगलं. कुणापुढं बोलतोयस, ते बघत जा.”

मी बघितले नाही, गुरुजी. या शब्दांचा मी पुढे असा अर्थ लावला की अधिकारी पाहून विनोद करावा, आणि त्या शास्त्रात मी इतकी प्रगती केली की केंद्रप्रमुख झालो. तुमच्यानंतर आलेल्यांनी पुस्तके कापली नाहीत. आमच्या टोळीतली किती लेकरे चौथीच्या पुढे गेली, हे मी जाणीवपूर्वक मोजलेले नाही. तुम्ही वारल्याचे कळले तेव्हा मी प्रशिक्षणात होतो. चकलांबा तिथून फार दूर नव्हते, आणि प्रशिक्षणाचा विषय मूल्यशिक्षण होता.

तर पडताळणीचा दिवस. मी सकाळी आपल्या शाळेत गेलो. पत्र्याच्या जागी आता स्लॅब आहे आणि निंब आहे तिथेच आहे. शाळेवर एक तरुण बाई आहेत. समोर अकरा मुले बसली होती. आजी-आजोबांपाशी मागे ठेवलेली. पटावर तीस. बाकीची एकोणीस कुठे, असे मी नियमाप्रमाणे विचारले. बाईंनी कपाट उघडले. तुम्हाला सांगायचे राहिले, की मधल्या काळात शासनाने पाठ्यपुस्तकांचे स्वतःच चार भाग केले, आणि प्रत्येक भागाला स्वतंत्र मुखपृष्ठ दिले. कारण दिले दप्तराच्या ओझ्याचे. तुम्ही दोनच केलेत, म्हणून ज्ञापने. चार केले असतेत तर कदाचित धोरण ठरले असते. कपाटात एकोणीस मुलांचे पहिले दोन भाग नावे घालून रचलेले होते. तिसरा आणि चौथा मुलांबरोबर गेले होते. बाईंना हे कुणी शिकवले नव्हते. तुमचे नाव त्यांनी ऐकलेले नाही. दुपारच्या सुट्टीत त्या फोनवरून एकेका कोपीत वाचन घेतात. सुट्टी झाल्यावर माझ्यासमोर त्यांनी अध्यक्षांना व्हिडिओ फोन लावला. पडद्यावर आधी पाचट दिसले, मग तिसरा भाग, आणि त्याच्या वरच्या कडेतून दोन डोळे. मुलीने एक उतारा वाचला. अडखळत वाचला, पण पुढे काय आहे ते तिच्याच हातात होते. मागून तिची आई म्हणाली, “सर हायत का तिथं? त्यान्ला म्हना, ऐका.”

मी ऐकले. बाईंनी मग हजेरीपट पुढे केला आणि त्या एकोणीस रिकाम्या चौकोनांवर बोट ठेवून विचारले, “सर, यांना काय लिहू?”

“उ लिहा,” मी म्हणालो.

त्यांनी कारण विचारले. मी सांगितले. या वेळी ऐकणारे पाहून सांगितले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल ठेवून पेन घेतले.

अहवालात मी उपस्थिती तीस लिहिली. शेऱ्यात सविस्तर खुलासा केला, की अकरा शाळेत आणि एकोणीस उत्तरार्धासह अध्ययनरत. शेरा पोर्टलने स्वीकारला नाही, कारण तिथे अंकांखेरीज काही टंकित होत नाही. तीस मात्र गेले. चौथ्या दिवशी मला ज्ञापन आले. अहवालासोबतच्या छायाचित्रात अकराच मुले दिसतात, सबब सात दिवसांत ऑनलाइन खुलासा करावा, अन्यथा अकरा हीच संख्या कायम धरून जोडपत्रातील कार्यवाही होईल. गुरुजी, ज्ञापन हातात घेताना मला क्षणभर तुमच्या रांगेत बसल्यासारखे वाटले, आणि लगेच माझा मलाच संशय आला. तुम्ही कापलेत ते लेकरांसाठी. मी तीस लिहिले, त्यात त्या सहीची लाज किती आणि ती मुलगी किती, याचा हिशोब मला लागत नाही. तो तुम्हीच लावून द्यावा असे वाटते, म्हणून तुम्हाला लिहीत बसलो. हे पत्र कुठल्याही पेटीत पडायचे नाही. माझ्या टेबलाच्या खणात गतवर्षीच्या शालेय पोषण आहाराच्या अहवालाखाली ते सुरक्षित राहील, कारण तो कुणी उचलत नाही.

एक कबुली द्यायची ती देतो. खुलाशाच्या खिडकीत कारणांची यादी दिलेली असते, त्यातून एक निवडायचे असते. पहिल्या दिवशी मी ‘तांत्रिक चूक’ निवडले होते. ते निवडले की ज्ञापन मागे घेतले जाते, आकडा अकरा होतो, आणि माझ्या सेवापुस्तकाला ओरखडाही येत नाही. ते मी दोन दिवस तसेच राहू दिले. तिसऱ्या दिवशी ते पुसले, शेवटचे ‘इतर’ निवडले, आणि त्याखाली उघडलेल्या चौकटीत तुमच्यासकट सर्व काही लिहिले. आज सहावा दिवस आहे, उद्या मुदत संपते. मजकूर तयार आहे. धाडण्याची कळ दाबली की पोर्टल ओटीपी मागते, आणि तो ओटीपी माझ्या आधीच्या केंद्रप्रमुखांच्या मोबाइलवर जातो, कारण खात्याने क्रमांक बदललेला नाही. ते निवृत्त होऊन पुण्याला मुलीकडे असतात. क्रमांक बदलण्यासाठी वेगळा अर्ज आहे आणि त्यालाही ओटीपी लागतो. सकाळी पोर्टल उघडत नाही, दुपारी उघडते, आणि दुपारी ते फोन बंद करून झोपतात.